रोसाच्या वेळी तरी डीजे बंद ठेवा

महोदय,

बेळगाव-खानापूर भागातल्या आमच्या कॅथलिक घरांच्या लग्नांतही आता डीजेचा दणदणाट वाढला आहे. लग्नाच्या आदल्या दिवशी वधू-वरांना नारळाचा रस लावण्याचा ‘रोस’ हा विधी प्रार्थनेने आणि वडीलधाऱ्यांच्या आशीर्वादाने सुरू होतो. शेजारपाजारची हिंदू माणसंही आपुलकीने येतात. हळद बघितलेल्यांना हा विधी परका वाटत नाही. पण गाण्यांच्या आवाजात प्रार्थनाच ऐकू येईनाशी झाली आहे.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (जगभरच्या कॅथलिक बिशपांची सभा, १९६२-६५) चर्चच्या प्रार्थनांत लॅटिनची जागा लोकभाषांनी घेतली, तेव्हा कुठे घरातल्या आजीलाही प्रत्येक शब्द कळू लागला. तो असा वाया घालवायचा?

विधींचा अर्थही असाच हरवत चालला आहे. बाप्तिस्म्याला बाळाची मेणबत्ती पास्काच्या, म्हणजे ईस्टरच्या, मेणबत्तीवरून पेटवतात आणि अंत्यविधीला शवपेटीजवळही पास्काची मेणबत्ती तेवते. हे किती मुलांना ठाऊक आहे? पहिल्या कम्युनियनच्या (ख्रिस्तप्रसाद पहिल्यांदा घेण्याच्या विधीच्या) पांढऱ्या कपड्यांवर पालक हौसेने खर्च करतात, त्याआधीच्या धर्मशिक्षणाला मात्र मुलांना नेमाने पाठवत नाहीत, याचं फार वाईट वाटतं.

लग्न ठरतानाच धर्मगुरू आणि दोन्ही घरच्यांनी बसून रोसाच्या वेळी स्पीकर बंद ठेवण्याचं ठरवावं, ही कळकळीची विनंती.

— एक वाचक, खानापूर