मुलांचे कपाट आधी उघडा
गावोगावची वाचनालये ओस पडत असल्याबद्दलचा आपल्या अंकातील लेख वाचला. मात्र सारा दोष मोबाइलवर ढकलणे पटले नाही. आमच्या गावच्या वाचनालयात बालसाहित्य कुलूपबंद काचेच्या कपाटात, तेही सर्वांत वरच्या फळीवर आहे. गेल्या आठवड्यात माझ्या नऊ वर्षांच्या नातीने पक्ष्यांविषयीचे पुस्तक मागितले, तर किल्ली सापडेना, आणि तिच्या हाती जाडजूड ऐतिहासिक कादंबरी ठेवण्यात आली. आता ती पुन्हा यायला तयार नाही, यात तिचे काय चुकले? याउलट सातारा जिल्ह्यातील भिलार येथे २०१७ साली पुस्तकांचे गाव उभे राहिले, तेव्हा कुणाच्या घरी बालसाहित्य, कुणाकडे कविता, तर कुणाकडे इतिहास अशी मांडणी झाली आणि वाचकाला आवडीचे पुस्तक स्वतः हाताळता येऊ लागले. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली मान्यता असलेल्या वाचनालयांना अ ते ड वर्गांनुसार शासकीय अनुदान मिळते; त्यातून पुस्तके घेताना मुले, स्पर्धा परीक्षांचे विद्यार्थी, शेतकरी आणि ठळक टाइपाची पुस्तके हवी असलेले ज्येष्ठ यांना आधी विचारले जावे, ही विनंती.

– एक वाचक, नाशिक जिल्हा