मागे बिछाना आहे, मग रात्री गाडी रेटायची कशाला?

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीत मोटरहोमच्या, म्हणजे आतच बिछाना-स्वयंपाकाची सोय असलेल्या गाडीच्या, सहलींवरचा लेख वाचला, फोटो छान होते, पण ही एवढी मोठी गाडी रात्री चालवायची कशी याबद्दल एक ओळसुद्धा नव्हती म्हणून लिहायला बसले. आम्ही दोघं नवरा-बायको आलटून पालटून अशी गाडी चालवतो आणि एका रात्रीची गोष्ट माझ्या अजून डोक्यातून जात नाही.

त्या रात्री समोरून येणारा जो तो आम्हाला अप्पर, म्हणजे वरची प्रखर लाईट, मारत होता. मी दोनदा बघितलं, आमची लाईट डिपरलाच, म्हणजे खालच्या उजेडावरच होती, त्यामुळे मला वाटलं लोकच उगाच त्रास देतायत. पुढे थांबलो तिथे गाडी एका भिंतीसमोर उभी राहिली आणि तेव्हा लक्षात आलं की डिपरचा उजेड खाली पडायच्या ऐवजी हेडलाईटच्या उंचीच्याही वर चाललाय. कारण साधंच, पाण्याची टाकी मागच्या चाकांच्याही मागे आणि ती काठोकाठ भरलेली, १०० लिटर पाणी म्हणजे १०० किलो वजन, वर मागच्या स्टँडला सायकली, त्यामुळे गाडी मागून दबली आणि पुढून उचलली गेली. समोरच्याच्या डोळ्यात उजेड आणि आमच्या चाकापुढचा रस्ता अंधारात! बऱ्याच गाड्यांत डॅशबोर्डवर ० ते ३ असे आकडे असलेलं एक छोटं चाक असतं, आकडा वाढवला की उजेड खाली येतो, आमच्याकडे ते इतके दिवस ० वरच होतं, ते कशासाठी असतं हेच आम्हाला माहीत नव्हतं. आता टाकी आणि सामान भरून झालं की आधी भिंतीवर उजेड बघतो, मगच निघतो.

दुसरं म्हणजे स्पीड. ताशी ८० ने गाडी सेकंदाला २२ मीटर जाते आणि डिपरमध्ये नीट दिसतं ते साधारण ५०-६० मीटर, म्हणजे काही दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंतच निम्मं अंतर संपलेलं असतं, त्यात आपली गाडी भरलेल्या घरासारखी जड, ती काय जागच्या जागी थांबणार आहे का? दिवसाचा स्पीड रात्री चालत नाही हो. समोरून झगझगीत लाईट आली तर तिच्याकडे न बघता आपल्या बाजूच्या कडेच्या पट्टीवर नजर ठेवायची. मागे कोणी दिवा लावला तर तो पुढच्या मोठ्या काचेत दिसतो आणि रस्ता पुसट होतो, म्हणून चालत्या गाडीत मागचे दिवे बंद. आणि गाडीची उंची मीटरमध्ये कागदावर लिहून स्टीअरिंगजवळ चिकटवून ठेवा, कारण मोबाईलवरचा साधा नकाशा कारचा रस्ता दाखवतो, खाली झुकलेली फांदी किंवा बुटका पूल त्याला कळत नाही आणि अंधारात तो आपल्यालाही उशिराच दिसतो.

पण मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती झोपेची. "आता थोडंच राहिलंय, पोचूनच झोपू" हे वाक्य आम्हीही म्हटलंय. रात्री २ ते ५ मध्ये शरीर झोप मागतंच, काच खाली करून किंवा गाणी मोठ्याने लावून ती जात नाही, कॉफीलाही अंगात भिनायला अर्धा तास जातो. अहो, बाकीच्यांना झोपायला जागा शोधावी लागते, आपल्या मागे तर अख्खा बिछाना आहे! जांभया सुरू झाल्या, शेवटची पाटी कुठली गेली ते आठवेना, की पहिल्या सुरक्षित पार्किंगमध्ये गाडी घ्या, रस्त्याच्या कडेला मात्र नको. आणि एक चालवतोय म्हणून दुसऱ्याने चालत्या गाडीत त्या बिछान्यावर झोपायचं नाही, सीटवर बेल्ट लावूनच बसायचं, ब्रेक लागला तर बिछान्यावरच्या माणसाला धरून ठेवायला काही नसतं.

थांबल्यावर जनरेटर चालू ठेवून झोपू नका, गॅसचा स्वयंपाकाचा बर्नर ऊब यावी म्हणून पेटवू नका. त्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साईड या विषारी वायूला वास नसतो, झोपेत काही कळत नाही. त्याचा अलार्म गाडीत बसवून घ्या आणि निघण्याआधी त्याचं टेस्टचं बटण दाबून बघा.

पुढच्या वेळी अशा सहलींवर लेख छापाल तेव्हा रात्रीच्या ड्रायव्हिंगची एक वेगळी चौकट द्या, एवढीच विनंती.

आपली,
एक नियमित वाचक