दिवेलागणीची गोळी

ती. आई-बाबा,
शि. सा. न.

बाबा, आधी तुमच्याशी भांडते, मग आईकडे वळते. आईची ॲसिट्रॉम, म्हणजे रक्तात गुठळ्या होऊ न देणारी गोळी, बदलायची नाही, असं डॉक्टरांशी बोलून ठरवलंय. तुम्हाला न विचारता ठरवलं, म्हणून रागवाल. शेजारच्या काकांची नवी गोळी दर महिन्याला रक्त न तपासता चालते आणि आईला मात्र रत्नागिरीचा खेटा, हे तुम्हाला खुपतं ते कळतं मला. इथे बसून हुकूम सोडायची लाजही वाटते. पण काकांचे ठोके नुसते अनियमित आहेत, आईच्या काळजात मेटलचा व्हॉल्व्ह आहे. त्यावर नव्या गोळ्या चालत नाहीत. त्यातलीच एक, डॅबिगॅट्रान, अशा रुग्णांना देऊन पाहिली होती. गुठळ्याही जास्त झाल्या आणि रक्तस्रावही, म्हणून २०१२ साली ती चाचणी मध्येच थांबवावी लागली. हौसेने नाही हो आईला एसटीत बसवत.

आता रिपोर्टचं. आईचा आयएनआर, म्हणजे रक्त किती उशिरा गोठतं ते सांगणारा आकडा, २.५ ते ३.५ मध्ये ठेवायचा आहे. लॅबच्या कागदावर शेजारी छापलेला नॉर्मल आकडा एकच्या आसपास असतो, तो गोळी न घेणाऱ्यांचा. म्हणून आईच्या आकड्यापुढे ‘जास्त’ असं येणारच. मागे ३.१ बघून तुम्ही दोन दिवस गोळी बंद ठेवलीत, ती काळजीपोटीच, पण ३.१ म्हणजे अगदी हवा तसा होता. यापुढे ‘वाढलाय’ एवढंच कळवू नका, कागदाचा फोटो पाठवा.

आई, तपासणीला उपाशी जायचं नाही. मऊ भात खा, चहा घे, मग नीघ. रक्त निळ्या टोपणाच्या नळीत घेतात. ती खुणेपर्यंत भरली पाहिजे, कमी भरली तर आकडा खोटाच जास्त येतो. मुलगा घाईत असला तरी ‘बाळा, भरलीस ना नीट?’ एवढं तू विचारच. गोळी संध्याकाळी घ्यायची ती याचसाठी: दुपारी रिपोर्ट आला की डोस त्याच रात्री बदलता येतो. देवापाशी दिवा लावलास की गोळी, आणि लगेच कॅलेंडरवर फुली. विसरलीस आणि झोपण्याआधी आठवलं तर घे. दुसऱ्या दिवशी आठवलं तर ती गेली, दोन एकदम घ्यायच्या नाहीत. लागोपाठ दोन दिवस चुकली तर मला फोन, मी ओरडणार नाही. आणि पाकीट घेताना बाबांनी रंग बघू नये, मिलिग्रॅम वाचावं. एक, दोन, तीन, चार अशा सगळ्या ताकदीच्या गोळ्या मिळतात.

पालेभाजी बंद कर असं कुणी सांगितलं तर ऐकू नकोस. पाल्यात के जीवनसत्त्व असतं, ते गोळीच्या उलट काम करतं. पण तुझा डोस तुझ्या रोजच्या जेवणावरच बसवलेला आहे. आठवड्यातून दोनदा अळू-माठ खातेस ना, तसंच चालू दे. ऋषिपंचमीची भाजी पोटभर खा. पहिल्या पावसात टाकळा आला म्हणून आठ दिवस रोज टाकळा, मग महिनाभर पाला नाही, असं मात्र नको. आकडा खालीवर होतो तो अशानेच. श्रावणातले कडक उपासही आता पुरे, देव काही रागवायचा नाही. पोटात अन्न नसलं, जुलाब लागले, ताप आला की आयएनआर चढतो. आंबेही रोज चार-चार नकोत. हे लिहिताना मलाच वाईट वाटतंय.

बाबा, तुमच्या गुडघ्याची डायक्लोफिनॅक आईच्या कमरेला द्यायची नाही. दुखलं तर पॅरासिटामॉल, तीही रोज तीन-चार अशी आठवडाभर लागली तर रक्त तपासून घ्यायचं. गावात कमरेत इंजेक्शन घ्यायचं नाही, स्नायूत रक्त साकळतं. जुलाबाला मेट्रोनिडॅझोल दिली तर आधी मला विचारा, तिने आयएनआर भराभर वाढतो. दात काढायचा असेल तर दंतवैद्याला गोळीचं सांगायचं, पण आपल्या मनाने बंद ठेवायची नाही.

खवताना विळीवर बोट कापलं तर स्वच्छ फडकं दहा मिनिटं घट्ट दाबून धर. मध्ये उचलून बघायचं नाही, तुझी ती सवय मला माहीत आहे. विहिरीच्या चिऱ्यांवर शेवाळ धरलंय, पाणी बाबा आणतील. पडलीस आणि डोकं आपटलं तर जखम नसली तरी दवाखाना, त्याच दिवशी. डांबरासारखी काळी शी, लाल लघवी, न थांबणारा घोळणा, तोंड वाकडं होणं, हात लुळा पडणं, यातलं काहीही झालं तर आधी १०८, मग मी. सड्यावर फुरसं चावलं तर डॉक्टरांना गोळीचं पहिल्याच वाक्यात सांगा, त्याचं विषही रक्त गोठू देत नाही.

आणि बाबा, रात्री आईच्या व्हॉल्व्हची टिकटिक ऐकू येते म्हणून तुमची झोप मोडते ना? मोडू दे. मी तिच्या कुशीत झोपते तेव्हा मला तरी अंगाईसारखी वाटते ती. कधी टिकटिक दबल्यासारखी वाटली किंवा ऐकूच आली नाही, तर सकाळपर्यंत थांबू नका. व्हॉल्व्हवर गुठळी धरली असेल. गाडी सांगा आणि निघा, पैसे कपाटात आईच्या पैठणीखाली ठेवलेत.

तुमची,
बाबी