एका ओळीच्या पॅचबद्दल आभार

स. न. वि. वि.

लिनक्स कर्नेलच्या (गाभ्याच्या) ड्रायव्हरमधले चुकीचे एरर कोड सुधारणारे तुमचे पॅच, म्हणजे कोडमधल्या दुरुस्त्या, बहुधा एका ओळीचे असतात, त्यामुळे कुणाच्या नजरेत भरत नाहीत. म्हणून हे जाहीर आभार.

लिनक्स ड्रायव्हरच्या प्रोबमध्ये, म्हणजे डिव्हाइस जोडून घेणाऱ्या फंक्शनमध्ये, एखादी पायरी फसली की कोड 'गोटू' या उडीच्या आज्ञेने सफाईच्या लेबलवर जातो. त्याआधी 'रेट'मध्ये, म्हणजे परत द्यायच्या उत्तराच्या व्हेरिएबलमध्ये, एरर भरायचा राहिला, तर मागच्या यशस्वी कॉलचं शून्य तिथे तसंच पडून असतं. मेमरी मोकळी झालेली, पण प्रोब शून्य परत करतो आणि कर्नेल डिव्हाइस जोडलं गेलं असं धरून चालतं. पुढे मॉड्यूल काढताना सगळं कोसळतं, आणि लोक चूक शोधत बसतात रिमूव्ह फंक्शनमध्ये! तुम्ही उडीआधी उणे ईनोमेम ('मेमरी मिळाली नाही' हा एरर कोड) भरलात, बास.

पॉइंटरचंही तसंच. डेव्हएम-आयओरीमॅप (हार्डवेअरचे पत्ते ड्रायव्हरला वापरता येतील असे करणारा कॉल) फसला तर नल, म्हणजे रिकामा पॉइंटर, देतो. त्याचा 'रिसोर्स'वाला भाऊ एरर पॉइंटर, म्हणजे पत्त्याच्या रूपातला एरर कोड, देतो. कॉल बदलला आणि नलची तपासणी तशीच राहिली, तर एरर पॉइंटर बिनबोभाट पुढे सरकतो. उलट बाजूने, इझ-एर (एरर पॉइंटर ओळखणारी तपासणी) फक्त शेवटचे ४०९५ पत्ते एरर मानतो, त्यात नल बसत नाही.

कॉपी-फ्रॉम-यूजर (प्रोग्रामचा डेटा कर्नेलमध्ये आणणारा कॉल) एरर कोड देत नाही, कॉपी न झालेल्या बाइट्सची संख्या देतो. ती तशीच परत केली की राइट करणाऱ्या प्रोग्रामला वाटतं, तेवढे बाइट्स लिहिले गेले. तिथे उणे ईफॉल्टच ('चुकीचा पत्ता' हा एरर कोड) हवा.

सर्वांत मोलाची दुरुस्ती मात्र ईप्रोब-डिफरची. या एरर कोडचा आकडा ५१७, म्हणजे 'क्लॉक किंवा रेग्युलेटर अजून तयार नाही, नंतर या'. त्यावर ईनोडेव्ह ('असं डिव्हाइस नाही') थापला की कर्नेल पुन्हा प्रयत्नच करत नाही. मग ड्रायव्हर कोणत्या क्रमाने लोड झाले त्यावर डिव्हाइस एका बूटला दिसतं, दुसऱ्याला गायब. असला बग हार्डवेअरच्या माथी मारला जातो.

तुमचे कमिट संदेशही (बदलासोबतच्या नोंदी) तितकेच नेटके: 'फिक्सेस'च्या ओळीत चूक आणणाऱ्या मूळ कमिटच्या हॅशची (ओळखखुणेची) १२ अक्षरं, चूक स्मॅच या कोड तपासणाऱ्या साधनाने दाखवली याची नोंद, आणि 'हार्डवेअर नाही, फक्त कंपाइल करून पाहिलं' हे स्वच्छ शब्दांत. चाचणी कुणी करायची ते लगेच कळतं.

सवडीने ईनॉटसप ('ही सोय नाही') या एरर कोडकडेही बघा. तो ५२४ यूजरस्पेसपर्यंत, म्हणजे कर्नेलबाहेरच्या प्रोग्रामपर्यंत, पोचला की एरर कोडचं वर्णन देणाऱ्या स्ट्रएररला ओळखता येत नाही. तिथे ईऑपनॉटसप, म्हणजे ९५, हवा. फक्त बदलण्याआधी कॉल करणारं कुणी ५२४ शीच तुलना करत नाही ना, तेवढं ग्रेप करून (कोडमध्ये शोधून) घ्या.

कळावे.