बंधारा पाण्याखाली, यंत्रात मात्र रस्ता

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा लागला की राजाराम, सुर्वे, रुई, इचलकरंजी, तेरवाड, शिरोळ यांपैकी पंचगंगेवरचे कोणकोणते बंधारे पाण्याखाली गेले याची यादी वर्तमानपत्रांत येऊ लागते. हँडलवर जीपीएस कॉम्प्युटर लावून फिरणाऱ्या सायकलस्वारांनी ती घरातून निघण्यापूर्वी वाचावी. यंत्राच्या लेखी बंधाऱ्यावरची वाट म्हणजे बारमाही रस्ता. नदीपलीकडच्या गावाला जायची जवळची वाट विचारली की ते बिनदिक्कत तीच दाखवते. बंधाऱ्याचे बरगे (पाणी अडवायच्या फळ्या) काढलेत की घातलेत, पाणी किती फुटांवर आहे, याचा त्याला पत्ता नसतो. राजाराम बंधाऱ्यापाशी इशारा पातळी ३९ फूट धरतात. बंधाऱ्यावरची ये-जा त्याच्या कितीतरी आधी बंद झालेली असते.

यात उपग्रहांचा दोष नाही. तुम्ही कुठे आहात एवढेच ते सांगतात. रस्ता कुठे आहे हे नकाशा सांगतो आणि तो यंत्रात आधीच भरून ठेवलेला असतो. म्हणून तर मोबाइलची रेंज नसलेल्या घाटातही तो दिसतो. दुकानात मात्र बोलणे होते ते पडद्याच्या आकाराचे.

घेताना पहिला प्रश्न विचारावा तो हा, की आत खरा नकाशा आहे की नुसती रेघ? गार्मिनच्या एज १३० प्लससारख्या यंत्रात तुम्ही चढवलेल्या मार्गाची रेघ आणि तुमचा बाण एवढेच दिसते, आजूबाजूचे रस्ते दिसत नाहीत. याला ब्रेडक्रंब म्हणतात. एज ५४०, वाहूचे रोम किंवा हॅमरहेडचे कारू यांत रस्त्यांचा नकाशा असतो आणि वाट चुकल्यास यंत्र स्वतः नवी वाट काढते. पन्हाळा-जोतिबा करून परतणाऱ्याला रेघ भरपूर झाली, त्याने जादा पैसे घालू नयेत. करूळ घाटाने वैभववाडीला उतरून फोंडा घाट चढायचा आणि राधानगरीवरून परत यायचे, असा बेत असेल तर नकाशा हवाच. परदेशातून कोणी यंत्र आणून देणार असेल तर त्यात भारताचा नकाशा आहे का, नसल्यास भरायला जागा किती उरते, हे आधी पाहावे. आणि गगनबावड्याचा पाऊस ज्याच्या नशिबी आहे त्याने बटणांचे यंत्र घ्यावे. टचस्क्रीनवर पडणारा थेंबही बोट समजला जातो, मग पाने आपोआप उलटू लागतात.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो मार्ग साठवणाऱ्या जीपीएक्स फाइलचा. या फाइलमध्ये ट्रॅक असू शकतो किंवा रूट. ट्रॅक म्हणजे जवळजवळ ठेवलेल्या बिंदूंची माळ. रस्ता ठरलेला असतो. रूट म्हणजे दूरदूरचे मोजके बिंदू; मधली वाट यंत्र आपल्या अकलेने काढते. मित्राने पाठवलेला मार्ग तुमच्या यंत्रावर भलतीकडूनच गेला, तर बहुधा हेच झालेले असते. म्हणून फाइल ट्रॅकचीच घ्यावी. ‘पुन्हा मार्ग काढा’ ही सोय बंद ठेवावी. ती चालू असेल तर चहासाठी रस्ता सोडताच यंत्र मूळ मार्ग टाकून स्वतःचा मार्ग धरते, आणि ते लक्षात येईपर्यंत दहा किलोमीटर झालेले असतात. बीआरएम, म्हणजे ठरल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची फेरी, करणाऱ्यांनी तर ही सोय बंद ठेवावीच. २०० किलोमीटरला साडेतेरा तास मिळतात, त्यात वाट हुकली आणि एखादे कंट्रोल (वाटेतले हजेरीचे ठिकाण) राहिले तर सगळी मेहनत वाया.

मार्ग काढताना सायकलचा प्रकार विचारला जातो, तिथेही जपून. ‘माउंटन’ किंवा ‘ग्रॅव्हल’ निवडले की यंत्र वर्दळ टाळायला शेतांमधल्या पाणंदीत घालते. उन्हाळ्यात ते बरे वाटते. पावसात काळी माती चाक आणि ब्रेक यांच्यामध्ये अशी बसते की सायकल खांद्यावर घ्यावी लागते. ‘रोड’ निवडूनही पाणंद आलीच, तर नकाशात त्या रस्त्याला कच्चा असल्याची खूण कोणी केलेली नसते, हे कारण.

चढाच्या आकड्यांवरही डोळे झाकून विसंबू नये. मार्ग आखणाऱ्या साइट चढ काढतात तो बहुतेक अंतराळातून मोजलेल्या उंचीवरून, आणि त्यातला एकेक ठिपका ३० ते ९० मीटरचा. घाटातला रस्ता डोंगराच्या कुशीत कोरलेला. ठिपका कधी कड्यावर पडतो, कधी दरीत. मग आलेखात २५ टक्क्यांचे सुळके उगवतात आणि एकूण चढ फुगतो. प्रत्यक्ष चालवताना बॅरोमीटर असलेले यंत्र जास्त खरे बोलते. पण हवेचा दाब एका हेक्टोपास्कलने बदलला तर उंची सुमारे ८ मीटरने सरकते, त्यामुळे निघताना उंची माहीत असलेल्या जागी ती जुळवून घ्यावी. पावसाने यंत्राच्या पाठचे, दाब मोजण्याचे बारीक छिद्र बुजले तर आकडा गोठतो. छिद्रात टाचणी घालू नये, साध्या पाण्याने धुऊन वाळू द्यावे. नागमोडी वळणांत जीपीएसचे अंतर कमी भरते. नोंद दर सेकंदाला ठेवावी आणि चाकाला स्पीड सेन्सर लावावा. यंत्राने चाकाचा घेर विचारल्यास ७००×२८ टायरचा २१३६ मिलिमीटर भरावा.

आता पुन्हा बंधाऱ्यांकडे. यांतल्या बहुतेक यंत्रांचे नकाशे २००४ मध्ये सुरू झालेल्या ओपनस्ट्रीटमॅपवर बेतलेले आहेत, आणि तो आपल्यासारख्यांनीच भरलेला आहे. फुकट खाते उघडून बंधाऱ्यावरची वाट निवडावी, तिला ‘फ्लड प्रोन’ (पुरात बुडणारी) ही खूण द्यावी. पाणंदीला कच्च्या रस्त्याची. वाट पुसून मात्र टाकू नये. पाणी नसते तेव्हा तो खराच रस्ता असतो, ऊसवाल्यांना विचारा. अर्थात ही खूण वाचून मार्ग वळवणारी यंत्रे फारशी नाहीत. म्हणून पावसाळ्यापुरता खात्रीचा उपाय म्हणजे ब्राउटर या मोफत साइटवर बंधाऱ्याभोवती ‘नो-गो’ क्षेत्र आखायचे, मार्ग पुलावरून वळला का हे पाहायचे आणि मगच ट्रॅक यंत्रात चढवायचा.

नकाशातली दुरुस्ती यंत्रात आपोआप उतरत नाही. कंपनीचा नवा नकाशा यायला महिने जातात. गार्मिनवाल्यांना बीबीबाइक या साइटवरून आपल्या भागाचा ताजा नकाशा घेता येतो: जीमॅपसप (gmapsupp.img) नावाची आयएमजी फाइल यंत्रातल्या गार्मिन फोल्डरमध्ये टाकायची. त्याच नावाची फाइल आधीपासून असेल तर नव्या फाइलचे नाव बदलावे, नाहीतर जुना नकाशा पुसला जातो. नंतर मेनूत जाऊन एकच नकाशा चालू ठेवावा. दोन्ही चालू राहिले तर रस्ते एकावर एक उमटून काहीच वाचता येत नाही. हे सगळे मे अखेरीस, बरगे निघायच्या आत उरकावे.

आपला,
एक सायकलस्वार वाचक
राजारामपुरी, कोल्हापूर