लोकल बाजारातल्या द्राक्षांचा रिपोर्ट कुठे मिळेल?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

द्राक्षाचा हंगाम सुरू झाला की वर्तमानपत्रांत दोन बातम्या ठरलेल्या असतात. युरोपला पहिला कंटेनर रवाना झाला ही एक, आणि यंदा इतक्या हजार प्लॉटची निर्यातीसाठी नोंदणी झाली ही दुसरी. मी निफाड तालुक्यातला द्राक्ष बागायतदार, माझाही प्लॉट त्या नोंदणीत असतो, त्यामुळे या बातम्या वाचून मला बरेच वाटते. पण नाशिक, पुणे, वाशीच्या बाजारात उतरलेल्या द्राक्षांत रेसिड्यू, म्हणजे फवारलेल्या औषधांचा उरलेला अंश, किती निघाला, ही तिसरी बातमी मात्र कधी वाचायला मिळत नाही. ती माहिती कुणी मागत नाही, आणि त्यातल्या बहुतेक मालाची तपासणीच होत नाही. हे पत्र त्यासाठी.

शहरातल्या वाचकाला कल्पना नसेल म्हणून निर्यातीच्या मालाचे काय होते ते आधी सांगतो. प्लॉटची कृषी खात्याकडे नोंदणी करायची, त्याला नंबर पडतो. गोडी छाटणीपासून, म्हणजे फळासाठीच्या छाटणीपासून, कोणत्या तारखेला काय फवारले, किती पाण्यात, डावणी-भुरी या रोगांसाठी की थ्रिप्स या किडीसाठी, हे सगळे वहीत लिहायचे. कोणते औषध चालते आणि काढणीआधी किती दिवस ते थांबवायचे याची यादी मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राकडून येते. आमच्याकडे तिला ‘अ‍ॅनेक्श्चर पाच’ म्हणतात, आणि ती औषधांच्या खोलीत खिळ्याला टांगलेली असते. काढणीच्या तोंडावर प्रयोगशाळेचा माणूस बागेत येतो. मालकाने दाखवलेले घड तो घेत नाही. ओळी बदलत, कधी उन्हातला, कधी पानाआडचा, असे घड तोडून पिशवीत भरतो. पिशवीला सील, कागदावर माझी सही. पुढे रिपोर्ट येतो तो म्हणजे रसायनांच्या नावांची लांबलचक यादी. नावासमोर सापडलेले प्रमाण, त्याच्यासमोर युरोपची मर्यादा. एका ओळीत जरी आकडा पुढे गेला तरी प्लॉट फेल.

ही व्यवस्था सहज आलेली नाही. २००३ मध्ये नेदरलँड्समध्ये आपल्या द्राक्षांत मेथोमिल हे कीटकनाशक सापडले, त्या दणक्यानंतर अपेडाने, म्हणजे शेतमाल निर्यातीच्या केंद्रीय संस्थेने, ग्रेपनेट ही नोंदणी-तपासणीची व्यवस्था उभी केली. तरी २०१० मध्ये पुन्हा फटका बसलाच. त्या वेळचे रसायन क्लोरमेक्वाट क्लोराइड, म्हणजे आमच्या बोलण्यातले सीसीसी. खरड छाटणीनंतर, म्हणजे फळ निघाल्यावरच्या उन्हाळी छाटणीनंतर, शेंड्याची वाढ आवरायला ते सर्रास वापरले जाई. फवारणी उन्हाळ्यात, फळ हाती येणार पुढच्या वर्षीच्या फेब्रुवारी-मार्चमध्ये. इतक्या महिन्यांनी ते मण्यात उतरेल असे कुणाच्या मनातही नव्हते, आणि तपासायच्या यादीतही त्याचे नाव नव्हते. युरोपात ते सापडले. कंटेनर तिकडे अडकले आणि बागायतदारांचे पैसे इकडे. कित्येकांच्या कर्जाची सुरुवात त्या वर्षापासून आहे. त्यानंतर ते रसायन यादीत आले. ब्रसेल्सने, म्हणजे युरोपीय संघाने, डोळे वटारले की आपली यंत्रणा किती चपळाईने हलते, हे आम्ही तेव्हा पाहिले.

या सगळ्यामागे जो कायदा आहे तो जागतिक व्यापार संघटनेचा एसपीएस, म्हणजे अन्नसुरक्षा आणि प्राणी-वनस्पतींच्या आरोग्याविषयीचा करार, १ जानेवारी १९९५ पासून लागू झालेला. अन्न सुरक्षित राहावे म्हणून नियम करायचा हक्क प्रत्येक देशाला आहे, पण नियमाला शास्त्राचा आधार हवा, असा त्याचा गाभा. आधार म्हणून धरायची ती कोडेक्सची मानके. कोडेक्स हा अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांचा आयोग, १९६३ पासूनचा. त्याहून कडक मर्यादा लावायची असेल तर कारण दाखवा, आणि परक्या मालाला एक न्याय, स्वतःच्या मालाला दुसरा, असे करू नका, हेही करारात आहे.

व्यवहारात आमची अडचण वेगळीच होते. ज्या औषधाची मर्यादा युरोपने स्वतंत्रपणे ठरवलेली नाही त्याला किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम ही सरसकट मर्यादा लागते. हा आकडा त्या औषधाच्या विषारीपणावरून काढलेला नसतो. प्रयोगशाळेला भरवशाने मोजता येईल अशी ती तळाची पातळी आहे. तिकडे त्या औषधाला गिऱ्हाईक नाही, म्हणून मर्यादा ठरवून घ्यायला कुणी गेले नाही, इतके साधे कारणही त्यामागे असू शकते. तेव्हा युरोपात फेल म्हणजे विष, असे कुणी समजू नये. हे मुद्दाम लिहितो, नाहीतर उद्या व्हॉट्सअ‍ॅपवर ‘द्राक्षे खाऊ नका’ फिरायचे आणि भाव आमचेच पडायचे.

माझी तक्रार युरोपबद्दल नाहीच. आयात मालाला घरच्या मालापेक्षा कडक नियम लावू नका, असे एसपीएस करार बजावतो. पण निर्यातीच्या मालाची जेवढी काळजी घेता तेवढी आपल्या माणसांच्या ताटातल्या मालाची घ्या, असे त्यात कुठे म्हटलेले नाही. कसे असेल? तो व्यापाराचा करार आहे. पुण्यात हातगाडीवरून अर्धा किलो द्राक्षे घेणारी बाई त्याच्या हिशेबातच नाही. तिची जबाबदारी आपल्या २००६ च्या अन्नसुरक्षा व मानके कायद्यावर. त्या कायद्याखाली आपल्याकडेही औषधवार मर्यादा आहेत, आणि जिथे मर्यादा ठरलेली नाही तिथे आपणही साधारणपणे ०.०१ च धरतो. कागदावर आपण फार मागे नाही. मागे आहोत ते बाजारात.

फेल झालेला प्लॉट कुणी उपटून टाकत नाही, हे द्राक्षपट्ट्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. काही दिवस थांबून पुन्हा नमुना देता येतो. पण मण्यांत साखर पुरेपूर भरलेली असेल आणि आभाळ भरून आले असेल तर थांबतो कोण? व्यापारी येतो, लोकलचा भाव सांगतो, क्रेट भरले जातात, गाडी निघते. त्या गाडीबरोबर रेसिड्यूचा कुठलाही कागद नसतो, कारण कुणी तो मागत नाही. आणि नोंदणीच न झालेल्या प्लॉटचे तर बोलायलाच नको. देशात पिकणाऱ्या द्राक्षांतला फार मोठा वाटा देशातच खाल्ला जातो, हे लक्षात घेतले तर प्रश्नाचा आकार कळेल.

द्राक्षच कशाला? एप्रिल २०२४ मध्ये हाँगकाँग आणि सिंगापूरने काही भारतीय मसाल्यांत इथिलीन ऑक्साइड हे जंतुनाशक रसायन असल्याचे जाहीर केले, तेव्हा कुठे आपल्याकडे देशभर मसाल्यांचे नमुने घेण्याची धावपळ सुरू झाली. गंमत म्हणजे त्याच महिन्यात, भारतात नोंदणी नसलेल्या कीटकनाशकांची मसाल्यांतली सरसकट मर्यादा ०.०१ वरून ०.१ करण्याचा आदेश निघाला. दसपट. त्याची कारणेही दिली गेली, आणि ती खरी असतीलही. पण आपल्या मिसळणाच्या डब्यातला मसाला आधी हाँगकाँगने तपासायचा आणि मग आपण, हा क्रम काही शोभत नाही.

आता खाणाऱ्याच्याही आधी जो येतो त्याच्याविषयी. युरोपच्या रिपोर्टमध्ये घडात काय उरले ते असते, फवारणीचा ब्लोअर चालवणाऱ्या पोराच्या अंगात काय गेले ते नसते. ग्लोबलगॅप हे चांगल्या शेतीपद्धतीचे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र घेणाऱ्याला हातमोजे, मास्क, औषधांची वेगळी खोली दाखवावी लागते हे मान्य, पण तेही तिकडच्या गिऱ्हाइकाची अट म्हणून. कपाशीला असा कुणी गिऱ्हाईक विचारत नाही. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो दवाखान्यात पडले. कपाशी त्या वर्षी डोक्याबरोबर वाढली होती, फवारा तोंडावरच येत होता. राज्य सरकारने नोव्हेंबरमध्ये पाच औषधांच्या विक्रीवर यवतमाळ आणि शेजारच्या जिल्ह्यांत ६० दिवसांची बंदी घातली. त्यांत मोनोक्रोटोफॉस होते, डायफेन्थियुरॉन होते, प्रोफेनोफॉसचे एक मिश्रण होते. तोवर फवारणीचा हंगाम सरत आला होता.

अशा रसायनांसाठी आंतरराष्ट्रीय करार नाही असे नाही. आपली द्राक्षे ज्या बंदरात उतरतात त्या रॉटरडॅमच्याच नावाचा करार १९९८ मध्ये झाला, २००४ मध्ये लागू झाला, आणि भारत त्याचा सदस्य आहे. घातक रसायन दुसऱ्या देशात पाठवण्याआधी त्या देशाला पूर्ण माहिती देऊन संमती घ्यायची, एवढेच तो सांगतो. बंदी तो घालत नाही. त्याच्या यादीत नवे नाव घालायचे तर सगळ्या सदस्य देशांचे एकमत लागते. पॅराक्वाट हे तणनाशक त्या दारात वर्षानुवर्षे अडून राहिले, आणि अडवणाऱ्यांत भारतही होता. हे वाचले तेव्हा मला खरोखर लाज वाटली. यादीत आल्याने विक्री थांबत नाही, फक्त माहिती द्यावी लागते. माहितीलाही आपला विरोध का असावा? उलट स्वित्झर्लंडने, स्वतःच्या शेतात बंद असलेल्या पाच औषधांची निर्यात १ जानेवारी २०२१ पासून थांबवली. डायफेन्थियुरॉन, प्रोफेनोफॉस आणि पॅराक्वाट तिन्ही त्यात आहेत. कोणत्याही कराराने त्यांना ते भाग पाडले नव्हते. तिथल्या संस्थांनी ही निर्यात चव्हाट्यावर आणली आणि सरकारला निर्णय घ्यावा लागला.

तपासणी सुरू केली तर माल महाग होईल, गरिबाने खायचे काय, असे कुणी म्हणेल. प्रत्येक प्लॉट तपासा असे मी म्हणतच नाही. पिंपळगाव बसवंत, नाशिक, पुणे, वाशी अशा बाजार समित्यांत हंगामात रोज थोडे नमुने, कुणाच्याही क्रेटमधले, न सांगता घ्यावेत. क्रेटवर प्लॉट ओळखता येईल अशी चिठ्ठी असावी, म्हणजे दोष कुठे आहे ते मागे शोधता येईल. खर्च शेतकऱ्याच्या बोडक्यावर टाकू नये. बाजार समित्या सेस घेतात, त्यातून व्हावा. पहिल्यांदा चुकलेल्याला दंड नको, कृषी सहायकाने त्याची फवारणीची वही पाहावी. कोणते औषध कुणाच्या सांगण्यावरून गेले ते त्यात निघेल, आणि पुष्कळदा ते कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवरच निघेल.

तूर्त एवढे तरी व्हावे. अन्न व औषध प्रशासनाने गेल्या हंगामात राज्यातल्या बाजारांतून द्राक्षांचे किती नमुने कीटकनाशकांसाठी तपासले, त्यांतले किती नापास झाले आणि पुढे काय केले, हे जिल्हावार जाहीर करावे. मी माहितीच्या अधिकारात अर्ज टाकणारच आहे, पण आपल्या वार्ताहराने विचारले तर उत्तर लवकर मिळेल. मिळाले तर निर्यातीच्या बातमीशेजारी छापावे.

कळावे,
आपला,
एक द्राक्ष बागायतदार
ता. निफाड, जि. नाशिक