फीडबॅक फॉर्ममध्ये काय विचारता?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सत्र संपत आलं की महाविद्यालयांत फीडबॅक फॉर्मचा हंगाम येतो. 'शिक्षकांनी शिकवलेलं समजलं का?' एक ते पाच गुण द्या. महाविद्यालयांना श्रेणी देणाऱ्या 'नॅक' या संस्थेच्या मूल्यांकनात विद्यार्थ्यांच्या समाधानाचं सर्वेक्षण असतं, त्यामुळे प्राचार्यही हे आकडे मनावर घेतात. मी पुण्यात भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झालो. आता मला कोणी गुण देत नाही, म्हणून स्पष्ट लिहितो.

एफ. वाय.च्या वर्गात मी एक प्रश्न हमखास टाकायचो. कर्वे रस्त्यावर पीएमपीची बस उभ्या स्कूटरवर आदळली. बसने स्कूटरवर लावलेलं बल जास्त, स्कूटरने बसवर लावलेलं जास्त, की दोन्ही सारखी? आधी वहीत उत्तर लिहायचं, मग हात वर. बहुतेक हात बसच्या बाजूने! न्यूटनचा तिसरा नियम (जेवढी क्रिया तेवढीच उलट दिशेने प्रतिक्रिया) झोपेतून उठवून विचारला तरी घडाघडा म्हणतील, सीईटीत त्यावर गुण मिळवून आलेली ही मुलं. मी उत्तर सांगायचो नाही. शेजारच्याला पटवा, एवढंच म्हणायचो. मग वर्गाची मंडई व्हायची. (शेजारच्या वर्गातले सहकारी डोकावून जायचे, तो ताप वेगळाच.) "अरे, चुराडा स्कूटरचा होतो, बसला फक्त ओरखडा!" असं एक जण ओरडायचा आणि पुढच्या बाकावरून कुणीतरी म्हणायची, "बल सारखंच, पण स्कूटरचं वस्तुमान कमी ना, म्हणून तिचा त्वरण जास्त." 'तिचं त्वरण' एवढी दुरुस्ती केली की माझं काम झालं.

अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या एरिक माझूर यांना १९९० च्या सुमारास असाच अनुभव आला. तुम्ही शिकवलंत त्याप्रमाणे लिहू की मला वाटतं तसं, असं त्यांना वर्गातून एका चाचणीच्या वेळी विचारलं गेलं. त्यातून त्यांनी 'पीअर इन्स्ट्रक्शन' ही, मुलांनीच एकमेकांना पटवून शिकण्याची पद्धत उभी केली.

याहून महत्त्वाचा प्रयोग तिथेच झाला, निष्कर्ष २०१९ मध्ये आले. एका गटाला सफाईदार व्याख्यान, दुसऱ्याने तोच भाग आधी गटागटाने स्वतः सोडवायचा. चाचणीत दुसरा गट पुढे. पण 'किती शिकलात?' असं विचारल्यावर व्याख्यान ऐकणाऱ्यांनाच आपण जास्त शिकलो असं वाटत होतं. धडपडताना आपल्याला काही येत नाही असं वाटतं, ऐकताना सगळं सोपं वाटतं. आपला फीडबॅक फॉर्म नेमकं हे वाटणंच मोजतो.

आता तासिका तत्त्वावरच्या, म्हणजे घेतलेल्या तासांपुरतं मानधन मिळणाऱ्या तरुण शिक्षकाचा विचार करा. जूनमध्ये पुन्हा बोलावतील का, ही टांगती तलवार. तो कशाला वर्गाला चुकू देईल? पीपीटी लावेल, नोट्स झेरॉक्सवाल्याकडे ठेवेल, परीक्षेला येणारे प्रश्न सांगेल. मुलं खूश, फॉर्म झकास. त्याला दोष कसा द्यायचा?

अभ्यासक्रम पूर्ण होत नाही, वर्गात शंभराच्या वर मुलं असतात, हे मला माहीत आहे. पण तासाला असे दोनच प्रश्न पुरतात, आणि शेजाऱ्याशी वाद घालायला मोठा वर्ग आड येत नाही. फळ्यावरून उतरवून घ्यायची सिद्धता घरी पुस्तकातून वाचता येते.

फॉर्म बंद करा असं मी म्हणत नाही. त्यात 'या विषयाच्या तासाला तुम्हाला स्वतः काही सोडवावं लागलं का?' आणि 'चर्चेनंतर तुमचं उत्तर कधी बदललं का?' हे विचारा. सत्राच्या सुरुवातीला आणि शेवटी विना-गुणांची तीच छोटी चाचणी घ्या. कागदापलीकडे खर्च नाही. असं का शिकवतो, हे पहिल्याच तासाला मुलांना सांगा, म्हणजे कुरकुर कमी होते. आणि फीडबॅकचे आकडे तासिका तत्त्वावरच्यांच्या फेरनेमणुकीला निदान आतापासून तरी जोडू नका.

— एक निवृत्त प्राध्यापक, कोथरूड, पुणे